डिस्चार्जच्या दिवशीचे दहापैकी दहा

ओसरी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात वडील अकरा दिवस ॲडमिट होते. वय ७८, हार्ट फेल्युअर, फुप्फुसात पाणी. पुण्यातलं मोठं खासगी हॉस्पिटल. नाव लिहीत नाही, विचारू नका. डिस्चार्ज समरी सकाळी साडेदहाला तयार झाली, टीपीएची (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीची) मंजुरी आली संध्याकाळी पाचला. मधल्या साडेसहा तासांत खोलीत आपणहून एकच माणूस आलं: ब्लेझर घातलेली मुलगी, हातात टॅब. "सर, फीडबॅक. दोनच मिनिटं." जेवण, स्वच्छता, स्टाफचं वागणं, अगदी पार्किंगसुद्धा. मी सातावर बोट टेकवलं तशी हळूच म्हणाली, "सर, नऊच्या खाली गेलं की आम्हाला लेखी उत्तर द्यावं लागतं." मग काय, सगळीकडे दहा. तिची नोकरी आणि माझं बिल एकाच दारात अडकलेलं.

घरी आल्यावर बायकोने औषधांची पिशवी पलंगावर ओतली. लघवी होण्याची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा लिहिलेली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने पकडलं म्हणून, नाहीतर बाबा बाथरूमच्या वाटेवर चक्कर येऊन पडले असते. त्या टॅबवर याचा रकाना नव्हता.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतोय. २०१२ साली अमेरिकेत जोशुआ फेंटन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० ते २००७ या काळातले ५१,९४६ प्रौढ, समाधानाच्या गुणांवरून चार गट. सगळ्यात समाधानी गट इमर्जन्सीत कमी गेला, पण हॉस्पिटलात भरती जास्त झाला. त्यांचा एकूण खर्च ८.८ टक्के जास्त, औषधांचा ९.१ टक्के जास्त, आणि मृत्यूचा धोका सगळ्यात असमाधानी गटापेक्षा २६ टक्के जास्त. छपाईची चूक नाही. जास्त.

म्हणून माझं म्हणणं: गंभीर आजारात पेशंटचं समाधान हा उपचाराच्या दर्जाचा पुरावा म्हणून मिरवणं बंद करा. रिसेप्शनमागच्या भिंतीवरचे "९७% समाधानी रुग्ण" तर आधी उतरवा.

खडूस_काकू

शंभर टक्के सहमत. आमच्या ह्यांना मागे वाचवलं तो डॉक्टर इतका फटकळ होता की मी त्याला फॉर्मवर दोन दिले होते. ह्यांच्यादेखत मला म्हणाला, "बाई, रडायचं असेल तर बाहेर जा, मला नळी घालायचीय." नळी घातली. माणूस आज समोर बसून पेपर वाचतोय. पोहे गरम होते का, हे विचारणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

तळटीप

ओसरी, तुमच्या संतापाशी भांडण नाही. पण फेंटनचा अभ्यास तुम्ही चुकीच्या कोर्टात साक्षीला आणलाय.

एक तर तो हॉस्पिटलातल्या मुक्कामाबद्दल नाहीच. गेल्या वर्षभरात डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं का, समजेल असं सांगितलं का, आदराने वागले का, पुरेसा वेळ दिला का, असे प्रश्न होते. ज्याला जास्त दुखणी, तो डॉक्टरकडे जास्त जातो, त्याचं डॉक्टरशी सूत जमतं, आणि मरण्याची शक्यताही त्याचीच जास्त. समाधानाने माणूस मेला असं त्यातून निघत नाही.

हॉस्पिटलातलंच आणि गंभीर आजारातलंच हवं असेल तर २०१० चा अभ्यास बघा: अमेरिकेतली २५ हॉस्पिटलं, हार्ट ॲटॅकचे ६,४६७ पेशंट. जिथले पेशंट जास्त समाधानी, तिथे उपचार ठरलेल्या नियमांच्या जास्त जवळ होते आणि हॉस्पिटलात होणारे मृत्यू कमी. तुमच्या दाव्याच्या बरोब्बर उलट.

ओसरी

आजारी लोक आधीच जास्त मरणार, हा आक्षेप लेखकांनाही सुचला होता. ज्यांची तब्येत वाईट किंवा ज्यांना तीन-तीन जुनाट आजार, अशांना वगळून त्यांनी पुन्हा गणित केलं. संबंध नाहीसा झाला नाही, उलट घट्ट झाला. याचं काय?

आणि तुमच्या २५ हॉस्पिटलांत फॉर्म भरले कुणी? जे घरी गेले त्यांनी. जो आयसीयूत गेला तो काय वरून मार्क पाठवणार?

तळटीप

पहिला मुद्दा मान्य. मी तो लिहायला हवा होता.

दुसरा अर्धाच मान्य. तिथे तुलना माणसांची नाही, हॉस्पिटलांची आहे. गेलेले लोक मृत्यूच्या रकान्यात मोजले जातातच. वाचलेल्यांनी दिलेले गुण त्याच हॉस्पिटलाच्या नावापुढे लागतात. म्हणजे प्रश्न असा, की जिथून वाचलेले खूश होऊन जातात तिथे मरतातही कमी का? तर हो. का, ते माहीत नाही.

सिस्टर_इनचार्ज

"का" मी सांगते. २२ वर्षं वॉर्डात आहे, त्यातली १४ कार्डिॲकमध्ये.

त्याच अभ्यासात एक गोष्ट आहे जी तळटीप यांनी गाळली (पुरुषमाणसं गाळतातच): पेशंटच्या एकूण समाधानात सगळ्यात मोठा वाटा नर्सिंगचा निघाला. डॉक्टर राउंडला येतात चार मिनिटं. उरलेले तेवीस तास छप्पन्न मिनिटं पेशंट कुणाला बघतो? आम्हाला. बेल दाबल्यावर किती वेळात कुणी आलं, सलाइनचा हात सुजला तर बघितलं का, कूस बदलली का. हे फॉर्मवर "स्टाफचं वागणं" म्हणून उतरतं, पण ते वागणं नाही. ती देखरेख आहे. रात्री बारा पेशंटमागे एक सिस्टर असेल तर बेलला उशीर होणार, पेशंट फॉर्मवर चार देणार, आणि त्याच रात्री तीन नंबरच्या बेडचा श्वास वाढलेला कुणाला कळणार नाही. दोन्हीचं कारण एकच.

एक आजोबा होते. मॉनिटरवर सगळं ठीक, ईसीजी ठीक. सारखे म्हणत, "सिस्टर, कसंतरी होतंय." माझ्या ज्युनिअरने तीनदा "काही नाही बाबा" केलं. मी जाऊन नुसता हात धरला, तळवा गार आणि ओला. पळापळ केली, वाचले. त्या तीन "काही नाही बाबा"चे मार्क त्यांनी कापले असते तर तुम्ही म्हणाला असता, म्हातारा किरकिरा आहे.

तुमच्या दोनदा लिहिलेल्या गोळीचं म्हणाल, तर घरी जाताना औषधं नीट समजावली का, हा प्रश्न पेशंटलाच विचारता येतो. २०११ मध्ये अमेरिकेत असा अभ्यास झालाय. हार्ट ॲटॅक, हार्ट फेल्युअर, न्यूमोनिया. डिस्चार्जच्या वेळच्या समजावण्यावर जिथले पेशंट समाधानी, तिथे महिन्याभरात परत ॲडमिट होण्याचं प्रमाण कमी. तुमच्या टॅबवर रकाना नव्हता हा टॅबचा दोष. पेशंटला विचारण्याचा नव्हे.

खडूस_काकू

सिस्टर, तुम्ही असलात की आम्हीही दहा देऊ. पण तिथे असते ती ब्लेझर.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय, हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागातच काम करतो, म्हणून थोडं आतलं. इथे सर्वेक्षण सरकारी नमुन्याचं असतं, २००८ पासून निकाल जाहीर होतात आणि २०१२ च्या ऑक्टोबरपासून त्यावर मेडिकेअरचे (म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचे) पैसे अवलंबून आहेत. फॉर्म डिस्चार्जनंतर ४८ तास उलटल्यावरच जातो. बिलाच्या खिडकीशी उभं करून कुणी विचारत नाही, आणि "नऊ द्या हं" म्हणणं हा सरळ नियमभंग. कालपरवापर्यंत नातेवाइकाने भरलेला चालतही नव्हता. २०२५ पासून परवानगी मिळाली.

तरी ओसरींच्या बाजूने एक पुरावा माझ्याकडूनच घ्या. या फॉर्मवर वेदनेचा प्रश्न होता: तुमचं दुखणं कमी करायला स्टाफने शक्य ते सगळं केलं का? हॉस्पिटलला मिळणारे पैसे त्यावरही ठरायला लागले. अफूवर्गीय गोळ्यांनी देश पोखरलेला असताना डॉक्टर बोंबलायला लागले की त्या गोळ्यांना नकार दिला तर गुण जातात. शेवटी तो प्रश्न पैशांच्या हिशेबातून काढावा लागला. आकडा मोजण्यापुरता असतो तोवर गुणी बाळ. पगार त्यावर ठरायला लागला की तो चावतो.

गोदाकाठ

मराठवाड्यात कॅन्सरची प्रॅक्टिस करतो. वरचं सगळं वाचलं. हार्ट ॲटॅकमध्ये पेशंट बरा होऊन घरी जातो, तिथे सिस्टर म्हणतात ते पटतं. पण धाग्यात "गंभीर आजार" लिहिलंय, तर जो बरा होणारच नाही त्याचं बोलू.

२०१२ मध्येच न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात जेन वीक्स यांचा अभ्यास आला. पसरलेला फुप्फुसाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर, केमो घेतलेले १,१९३ पेशंट. या केमोने आजार मुळातून जाणार नाही, हे फुप्फुसवाल्यांतल्या ६९ टक्क्यांना आणि आतड्यावाल्यांतल्या ८१ टक्क्यांना उमगलेलं नव्हतं. आता बसून वाचा: "डॉक्टर आमच्याशी फार छान बोलतात" असे गुण देणाऱ्यांत हा गैरसमज जास्त होता.

माझ्या ओपीडीत हे रोज घडतं. मुलगा आधी एकटा आत येतो, दार लोटतो. "साहेब, आप्पांना गाठ हाय म्हणा. त्यो शब्द काढू नका." मग आप्पा येतात, मी गाठ म्हणतो, सगळे खूश. एकदा एका आप्पांनी सरळ विचारलं, "डॉक्टर, पेरणीला असंन का मी?" मार्च चालू होता. मी म्हणालो, अवघड आहे. आप्पांनी मान हलवली, पाणी मागितलं, म्हणाले, "मग वाटणीचं उरकून घेतो." त्या रात्री मुलाने गूगलवर एक स्टार टाकला: "डॉक्टरला माणुसकी नाही, पेशंटचा धीर खचवला."

आता सांगा सिस्टर, हा आकडा कशाचा?

मधली_आळी

डॉक्टरसाहेब, मी त्या मुलाच्या जागी होते. आईला फुप्फुसाचा, चौथी स्टेज, मुंबईत. ज्या डॉक्टरणीने आम्हाला खरं सांगितलं तिच्याबद्दल त्या दिवशी जिन्यात मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. फॉर्म तेव्हा दिला असता तर शून्य. आई नऊ महिन्यांनी घरीच गेली, स्वतःच्या पलंगावर, मॉर्फिन चालू होतं, दुखत नव्हतं. बँकेचं सगळं तिने स्वतः बसून लावलं, माझ्या मोठ्या बहिणीशी सतरा वर्षांचा अबोला सोडला. आज तिच्या डॉक्टरणीला मी शंभर देईन. माणूस तोच, मी तीच.

तर आकडा खोटा नाही, विचारायची वेळ चुकते. एडिसनकर, तिकडे घरच्यांना नंतर विचारतात ना?

एडिसनकर

हो, हॉस्पिस सेवेसाठी (बरा न होणाऱ्याची शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा) वेगळं सर्वेक्षण आहे. मृत्यूनंतर साधारण दोन महिने उलटल्यावर, ज्याने शुश्रूषा केली त्याला पाठवतात. साध्या फॉर्ममधून मात्र हॉस्पिसला गेलेले पेशंट वगळलेले असतात, म्हणजे जिथे हा प्रश्न सगळ्यात टोकदार तिथेच तो विचारत नाहीत.

मधली_आळी यांच्या आईसारखाच बोस्टनचा २०१० चा प्रयोग आहे. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर, १५१ पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याच्या जोडीला पहिल्यापासून पॅलिएटिव्ह टीम, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारी माणसं. दुसऱ्या गटात नैराश्य कमी, दिवस बरे गेले, शेवटी शेवटी आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ते जास्त जगले: ११.६ महिने, नेहमीच्या गटात ८.९.

तळटीप

बोस्टनवरून उडी मारू नका. टाटा मेमोरियलला डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये तशीच चाचणी घेतली, तिथे आयुष्यातही आणि आयुष्याच्या दर्जातही ठोस फरक दिसला नाही. आजार वेगळा, घरची माणसं वेगळी.

गोदाकाठ

मधली_आळी, तुमचं वाचून बरं वाटलं. पण दोन महिन्यांनी फॉर्म पाठवायला आमच्याकडे आहे कोण? पॅलिएटिव्हचा एक माणूस मिळवायला मी चार वर्षं अर्ज करतोय. तोवर एक स्टारच.

सिस्टर_इनचार्ज

गोदाकाठ, उत्तर देते. तो आकडा मुलाचा आहे, आप्पांचा नाही. आप्पांनी पाणी मागितलं आणि वाटणीचं बोलले, तो त्यांचा फीडबॅक. तुम्ही वाचलात, गूगलने नाही. नातेवाईक पेशंटच्या वतीने भरतात तोवर आपण चुकीच्या माणसाचं समाधान मोजतोय. ओसरी, तुमच्या बाबांना कुणी विचारलं होतं का?

ओसरी

नाही. सिस्टर, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

काल संध्याकाळी विचारलं. बाबा, हॉस्पिटलला दहापैकी किती? म्हणाले, "भिंतींना कसले मार्क द्यायचे? रात्रपाळीला उदगीरची एक पोरगी होती, तिला दे पैकीच्या पैकी. पहाटे चारला माझी उशी सरळ करायची, न सांगता. डॉक्टरला तू दे, तुझ्याशीच बोलायचा तो. पायाशी उभा राहून."

ते खरं आहे, आणि तसं बोला असं मीच डॉक्टरांना पहिल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये सांगितलं होतं. हृदय पंचवीस टक्केच पंप करतंय हे बाबांना कळू नये म्हणून एकोची फाईल माझ्या कपाटात, कपड्यांखाली ठेवलीय. मी दहा दिले त्यातले निदान दोन-तीन तरी माझं ऐकल्याबद्दलचे असणार.

भिंतीवरचे ९७ टक्के उतरवा हे अजूनही म्हणतोय. पुराव्याबद्दलचं वाक्य मागे घेत नाही, पण "पेशंटचं समाधान" ऐवजी "टॅबवरचं समाधान" असं वाचा.

सोमवारी फॉलोअप आहे. फाईल बाबांच्या हातात देऊन त्यांनाच पुढच्या खुर्चीत बसवणार आहे. आईला हे पसंत नाही, दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये.

खडूस_काकू

आईला इथे पाठवा, मी बोलते. आणि तो मेडिकलवाला कुठला ते कळवा.