जनरेटर बसवला म्हणजे जबाबदारी संपली का?

वायरिंगवाला, सांगली
काल एका डॉक्टरसाहेबांनी लिहिलं की सांगली-मिरजेतल्या छोट्या हॉस्पिटलांमागं आग आणि विजेच्या ऑडिटचा ससेमिरा उगाच लावलाय. जनरेटर आहे, इन्व्हर्टर आहे, आणखी काय पाहिजे? राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

लाइट गेल्यावर जनरेटरला लोड घ्यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेही एएमएफ पॅनल, म्हणजे लाइट गेली की जनरेटर आपोआप चालू करणारं पॅनल, धड असेल आणि स्टार्टरची बॅटरी मेलेली नसेल तर. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, मुख्य दिव्याला आंतरराष्ट्रीय मानक अर्धा सेकंद देतं. मधली खिंड यूपीएसनं, म्हणजे क्षणात वीज देणाऱ्या बॅटरी बॅकअपनं, लढवायची असते. आणि तुमची टेस्ट काय? वॉचमन सेल्फ मारतो, धूर दिसला की बंद. बिनलोडचं डिझेल इंजिन असंच चालवत राहिलं की न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साठतं आणि खऱ्या लोडला इंजिन दम टाकतं. मेन स्विच पाडून बघा, मग बोला.

आगीचं तर विचारूच नका. भंडारा, 9 जानेवारी 2021, दहा बाळं गेली. नगर, 6 नोव्हेंबर 2021, आयसीयूत अकरा रुग्ण. आयसीयूच्या हवेत ऑक्सिजन जास्त झाला की ठिणगीला गादी-पडदे पुरतात. आमच्याकडं एसी वाढत जातात, केबल आणि मंजूर लोड मात्र जुनाच.

मिरजेचा डॉक्टर
ती पोस्ट माझीच. तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं सरकारी रुग्णालयांची आहेत, नोटिसा मात्र माझ्या पंधरा बेडना. जनआरोग्य योजनेचे पैसे महिनोन्महिने येत नाहीत, यूपीएस कशातून घेऊ? सहा महिन्यांनी फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला, द्यायला एजन्सीचा माणूस येतो, आग विझवायच्या सिलिंडरची तारीख बघतो, सही करतो, बिल देतो. डीबी, म्हणजे विजेचा डिस्ट्रिब्युशन बोर्ड, उघडून बघितलेला मला एकही आठवत नाही. आधी तुमच्या धंद्यातली माणसं सुधारा.

वायरिंगवाला, सांगली
विरारचं हॉस्पिटल खासगी होतं साहेब. एप्रिल 2021, एसीपासून आग. फॉर्म बीचं म्हणाल तर असे सहीवाले आहेत, नाही म्हणत नाही. पण स्वस्तातला माणूस शोधून आणतं कोण?

गावभागकर
तुमचं सेकंदांचं चालू द्या. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45. आमची आत्या ज्या हॉस्पिटलात होती तिथं जनरेटर आणि पॅनल दोन्ही बेसमेंटच्या पार्किंगमध्ये. पाणी आलं तसं दोन्ही गेलं. आत्याला खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवलं, एकानं ऑक्सिजनचा सिलिंडर खांद्यावर धरला आणि तसंच बोटीत ठेवलं. आज त्याच इमारतीत जनरेटर त्याच जागी आहे! पुराच्या गावात बेसमेंटला परवानगी देतं कोण?

मिरजेचा डॉक्टर
मिरज उंचावर आहे. आम्हाला कशाला त्यात ओढता?

गावभागकर
मिरजेच्याच कृष्णाघाटावर जाऊन बोला हे.

वायरिंगवाला, सांगली
भांडू नका. जनरेटर गच्चीवर टाका असं सगळे सांगतात, पण स्लॅबला वजन आणि कंपन झेपलं पाहिजे, वर डिझेल साठवणं वेगळाच धोका. त्यापेक्षा 2019 च्या खुणेच्या वर चौथरा बांधा आणि पॅनल पहिल्या मजल्यावर घ्या.

गावभागकर
चौथऱ्यावर जनरेटर वाचेल, पण सगळीकडं पाणी असताना डिझेल पोचवणार कोण? याचं उत्तर कुणीच देत नाही.

नाइट ड्युटी सिस्टर
तुम्ही सगळे दिवसा बोलताय. रात्री दोनला लाइट गेली, जनरेटर उठला नाही, खोलीची किल्ली वॉचमनकडं आणि वॉचमन चहाला. व्हेंटिलेटरची बॅटरी जुनी, लगेच बीप करायला लागली. मी हातानं श्वास द्यायची अंबू बॅग दाबत होते, मावशी मोबाइलचा टॉर्च धरून. पेशंट वाचला. तिथंच एका एक्स्टेंशन बोर्डवर सक्शन, इन्फ्युजन पंप आणि नातेवाइकांचे चार्जर. पिन काळी पडलेली, प्लॅस्टिक जळाल्याचा वास. रजिस्टरमध्ये तीनदा लिहिलं, बदललं कुणी नाही. यूपीएसला पैसे नाहीत हे समजू शकते. एका सॉकेटलाही नसतात का, डॉक्टर?

मिरजेचा डॉक्टर
सिस्टर, सॉकेटचं मान्य. किल्लीचंही. या रविवारी ओटी रिकामी ठेवून मेन पाडून बघतो. फॉर्म बीबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

वायरिंगवाला, सांगली
पाडताना एसी आणि ऑटोक्लेव्ह (अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र) चालू ठेवा, नाहीतर ती टेस्ट नव्हे. अर्धा तास तरी चालवा.

गावभागकर
आणि तुमचं पॅनल कुठल्या मजल्यावर आहे, तेही एकदा सांगून टाका.