नीट रिपीटर, लातूरला रूमवर. मोबाईल सुटेना अन् क्लासचं सगळं त्याच्यातच येतंय

रिपीटर_लातूर
दुसरं वर्ष आहे. ट्यूशन एरियात रूम, अभ्यासिकेत सीट. फोनमधलं डिजिटल वेलबीइंग (वापराचा हिशेब दाखवणारं सेटिंग) रोज साडेपाच तास दाखवायलंय, अनलॉक १४० च्या पुढं. मोबाईल गावाकडंच ठेवून यावं म्हणलं तर डीपीपी (रोजचे सरावाचे प्रश्न) व्हॉट्सॲपवर, डाऊट टेलिग्रामवर, लेक्चर यूट्यूबवर. इन्स्टा तीनदा काढलं, तीनदा परत टाकलं. टायमर मीच लावतो अन् मीच काढतो. "मन घट्ट कर" सोडून काहीतरी सांगा.

अभ्यासिका_परभणी
आधी ते साडेपाच तास फोडून बघ. डॅशबोर्डमध्ये एकेका ॲपवर दाबलं की तासानुसार वापर दिसतो. सात दिवसांचं वहीत उतरव. बहुतेक पोरांचं तीन जागी सांडतं: उठल्या उठल्या अंथरुणात, मेसवरून आल्यावर, अन् रात्री लाईट बंद केल्यावर. चोवीस तास भांडत बसू नको, या तीन जागा बुजव.

टायमर दोन कारणांनी फसतो. काढायला फार तर दोन-तीनदा बोट लावावं लागतं. अन् त्याचा हिशेब रात्री १२ ला नव्यानं सुरू होतो, म्हणजे जागणाऱ्याला ऐन झोपेच्या वेळी नवा कोटा मिळतो. निवडलेली ॲप थांबवणाऱ्या फोकस मोडलाही "ब्रेक घ्या"ची पळवाट आहेच.

इन्स्टाचं ॲप काढून भागत नाही, कारण लॉगिन साठवलेलं असतं. लॉग आऊट कर, साठवलेलं लॉगिन पुसून टाक. पासवर्ड वीस अक्षरांचा, वेडावाकडा ठेव अन् तो कागद घरी पाठव. ओटीपीनं बदलता येतो, मान्य. पण त्यात दोन-तीन मिनिटं जातात, अन् तलफ तेवढ्यात बऱ्याचदा उतरते. अडथळा कायमचा असायची गरजच नाही.

फोन टेबलावर पालथा ठेवणं हा अभ्यासिकेतला सगळ्यात लाडका उपाय, अन् सगळ्यात कुचकामी. २०१७ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रयोगात फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा बरी कामगिरी केली होती. पुढं काही प्रयोगांत तसा फरक आढळला नाही, म्हणून ती काळ्या दगडावरची रेघ समजू नको. तरी फोन लॉकरमध्ये, चावी काउंटरवर, हे केलं की १४० अनलॉक निदान अभ्यासिकेत तरी होत नाहीत.

वेळ लावायला मोबाईल वापरायचा नाही. साधं गजराचं घड्याळ आण, सकाळच्या गजरालाही तेच. पहिला आठवडा २५ मिनिटं बसणं, ५ मिनिटं उठणं. त्या पाचात पाणी पी, गच्चीवर चक्कर मार, स्क्रीन नको. रील बघून परत बसलं की पुढच्या पंचविसातले पहिले आठ-दहा मिनिट वायाच जातात. मग आठवड्याला वाढवत ४०, ६०, ९०. शेजारी कोरा कागद असू दे. "हे सर्च करावं", "त्याला मेसेज टाकावा" असं जे सुचेल ते लिहून ठेवायचं, रात्री बघायचं. नीट दुपारी २ ते ५ असते, १८० मिनिटं. तेव्हा आठवड्यातून दोनदा नेमक्या त्याच वेळेला पेपर सोडव. जेवणानंतरची सुस्ती अन् मोबाईलची सवय, दोन्ही त्याच वेळेला गाठतात.

अजून एक, लाईट गेली की बॅटरी म्हणून मोबाईल हातात येतो अन् तिथंच अर्धा तास बसतो. चार्जिंगची छोटी टॉर्च उशाशी ठेव.

मोबाईल_दुरुस्ती_नांदेड
सेटिंगचं मी सांगतो.

यूट्यूब: "वॉच हिस्ट्री" बंद कर अन् जुनी पुसून टाक. दोन्ही करावं लागतं, नुसती बंद करून जुनी ठेवली तर होमवर व्हिडिओ येतच राहतात. मग होम पेज रिकामं दिसतं. लेक्चर सर्च करून किंवा सेव्ह केलेल्या प्लेलिस्टमधून उघडायचं. ऑटोप्ले बंद. शॉर्ट्सचं बटण खाली राहतंच, म्हणून ॲप बंद करून ब्राउझरमध्ये बघितलेलं बरं. तिथं थोडं अडचणीचं वाटतं, तेच पाहिजे.

व्हॉट्सॲप: क्लासचा ग्रुप सोडून बाकी सगळे आर्काइव्ह, अन् "चॅट आर्काइव्हमध्येच ठेवा" चालू. नाहीतर नवीन मेसेज आला की चॅट परत वर येतं. डीपीपी दिवसातून दोनदाच, दुपारी जेवणानंतर अन् रात्री ८ ला. आठवड्याच्या पीडीएफ एकदाच झेरॉक्सवाल्याकडून काढून घे.

स्क्रीन काळी-पांढरी करता येते, बेडटाइम मोडमध्ये आहे. रंग गेले की रीलची चव जाते. पण बायोलॉजीच्या आकृत्यांना रंग लागतो, म्हणून फक्त रात्री ९ नंतर लाव.

समुपदेशक_संभाजीनगर
वरचं सगळं करून तीन-चार आठवड्यांत काहीच फरक नसेल, झोप पाच तासांच्या खाली गेली असेल, टेस्ट बुडवून घरी खोटं सांगणं सुरू झालं असेल, तर फोन हे मूळ नसण्याची शक्यता जास्त. साठलेल्या अभ्यासाची धास्ती, एकटेपणा, मागच्या वर्षीच्या मार्कांची लाज. रील त्याच्यावरचं झाकण असतं. रिपीटर पोरांमध्ये हे तपासल्याशिवाय नुसता फोन काढून घेतला तर चिडचीड वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, "मोबाईलचं व्यसन" असा वेगळा आजार नाही. तेव्हा स्वतःवर शिक्का मारू नका. बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून खास क्लिनिक आहे, पण तिथवर जायची वेळ थोड्यांवरच येते.

रिपीटर_लातूर
सर, लॉकरमध्ये फोन ठेवला अन् घरून फोन आला तर? आई दोनदा उचलला नाही की मामाला रूमवर पाठवती. सिम साध्या मोबाईलमध्ये टाकू का?

मोबाईल_दुरुस्ती_नांदेड
मेन सिम काढू नको. ते काढलं की बहुतेक यूपीआय ॲप अडतात अन् परत टाकल्यावर पुन्हा पडताळणी करावी लागते. मेसचे पैसे द्यायच्या दिवशीच हे होणार. साधा कीपॅड अन् दुसरं सिम घे, तो नंबर फक्त घरी अन् मामाला दे. सिम जिओचं असेल तर ४जी कीपॅडच घे, जुन्या २जी डब्यात ते चालत नाही. अन् दुकानदार रीलवाला कीपॅड दाखवेल, तो नको म्हण.