मदत हवी आहे: सनबोर्डचं ट्रेनर नाक वर काढतं आणि डावीकडे पडतं

फोमवेडा
५ मिमी सनबोर्डचं (फोमचा बोर्ड) हाय-विंग ट्रेनर, म्हणजे पंख बॉडीच्या वर असलेलं शिकाऊ रिमोट विमान. विंगस्पॅन १२०० मिमी, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २०० मिमी, बॅटरीसकट वजन ९५० ग्रॅम. मोटर २२१२ (१००० केव्ही, म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे), ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा), १०×४.५ प्रॉप (पंखा), ३एस (तीन सेलची) २२०० एमएएच बॅटरी (१८० ग्रॅम). एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) आणि रडर (डावी-उजवीकडे वळवणारी) यांना हलवणाऱ्या ९ ग्रॅमवाल्या छोट्या मोटरी, म्हणजे सर्व्हो, शेपटीतच चिकटवलेत.

हातातून सोडलं की १०-१५ मीटर जातं, नाक वर काढतं, वेग मरतो आणि डावा पंख टाकून खाली येतं. एलिव्हेटरचं ट्रिम (रिमोटवरचं बारीक समायोजन) डाउनच्या टोकाला टेकलंय, तरी तेच. सीजी (गुरुत्वमध्य, जिथे विमान तोललं जातं) लीडिंग एजपासून (पंखाच्या पुढच्या कडेपासून) ७८ मिमीवर. मोटरला डाउन थ्रस्ट देऊ का, म्हणजे ती किंचित खाली रोखून बसवू का?

वारा१२
द्या की. हाय-विंगमध्ये ड्रॅग (हवेचा रोध) थ्रस्टलाइनच्या (मोटरच्या ओढीच्या रेषेच्या) वर असतो, थ्रॉटल वाढवला की नाक उचलणारच. ३ अंश खाली, २ अंश उजवीकडे.

जुना बाल्सा
आधी सीजी, थ्रस्ट नंतर. ७८ मिमी म्हणजे कॉर्डच्या ३९ टक्क्यांवर. अशा ट्रेनरला २५ ते ३० टक्के हवा. ट्रिम खाली संपलंय हेच शेपूट जड असल्याचं लक्षण.

५८ मिमी धरा. सीजी २० मिमी पुढे न्यायचा तर ९५० × २० = १९००० ग्रॅम-मिमी भरून काढायचेत. एकटी बॅटरी सरकवली तर १०५ मिमी पुढे जायला हवी. तेवढी जागा आहे?

फोमवेडा
नाही. ६० मिमीला फायरवॉल (मोटर बसवलेली पुढची भिंत) लागते. नाकात शिसं भरू?

जुना बाल्सा
६० मिमीने १०८०० भागले, उरले ८२००. नाक नव्या सीजीच्या २०० मिमी पुढे असेल तर ४१ ग्रॅम शिसं लागेल. एवढं मेलेलं वजन कशाला वाहायचं? दोष सर्व्होंच्या जागेत आहे. दोन्ही मिळून सुमारे २० ग्रॅम. पंखाखाली ४५० मिमी पुढे आणलेत की ९००० सुटतात. सर्व्होपासून शेपटीपर्यंत जाणारे १.२ मिमी तारेचे पुशरॉड थोडं वजन मागे परत घालतील, म्हणून शेवटी १० ग्रॅमच्या आत काहीतरी नाकात चिकटवावं लागेल. गॅरेजमध्ये चाक बॅलन्सिंगची ५-५ ग्रॅमची चिकट वजनं मिळतात, ती चालतात.

एवढ्या लांबीची तार दाबाखाली वाकते, मग स्टिक ढकलली तरी एलिव्हेटर जागचा हलत नाही. दोन-तीन ठिकाणी रिकाम्या रिफिलच्या नळीतून ओवा आणि नळी बॉडीला हॉटग्लूने पक्की करा.

नंतर ट्रिम मध्यावर आणून एलिव्हेटर क्लेविस (पुशरॉडच्या टोकाची आटे असलेली कडी) फिरवून सपाट करा.

वारा१२
मान्य, सीजी आधी. पण मग थ्रॉटल बंद ठेवून ग्लाइड करून बघा: गवतावर, वाऱ्याच्या तोंडाला, नाक किंचित खाली, सरळ ढकलून. वर चढून थबकत-आदळत गेलं तर सीजी अजून मागे. सरळ उतरलं आणि फक्त थ्रॉटलवरच नाक उचललं तर थ्रस्टलाइन.

फोमवेडा
आणि डावीकडे पडणं?

जुना बाल्सा
पुढे लावलेला प्रॉप मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याचा टॉर्क विमानाला डावीकडे लोळवतो. वेग कमी असताना जास्त. म्हणून उजवा थ्रस्ट. मोटर माउंटच्या भोकांत २५ मिमी अंतर असेल तर एका बाजूला १ मिमीचा वॉशर म्हणजे सव्वादोन अंश. वॉशर माउंट आणि फायरवॉलच्या मध्ये: डाउनसाठी वरच्या भोकांवर, उजवीकडे वळवायला डाव्या भोकांवर (डावी बाजू मागून बघताना). उलटं घालणारे पुष्कळ.

त्याआधी विमान मागून डोळ्यासमोर धरून दोन्ही ट्रेलिंग एज (पंखांच्या मागच्या कडा) बघा. सनबोर्ड उन्हात पिळतो, आणि पिळलेला पंख वॉशरने सुधरत नाही.

वारा१२
हे सगळं बाकावर करताना प्रॉप काढून ठेवा. थ्रॉटलचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर आपोआप होणारी सेटिंग) शून्यावर आहे ना, तेही ट्रान्समीटर बंद करून तपासा.