विमानाच्या उशिराची भरपाई मागणं म्हणजे भीक मागणं का?

मेधा_कोथरूड:
काल आमच्या सोसायटीच्या सहलींच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, "विमान सहा तास उशिरा सुटलं म्हणून साठ-साठ हजार मागणाऱ्यांची लाज वाटते. सुखरूप पोचवलं हे कमी आहे का? आपल्या लोकांना फुकटचं खायची सवय लागली आहे." त्याखाली पंधरा-वीस जणांनी अंगठे दिले. हे माझ्याबद्दलच लिहिलंय हे मला कळतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

गेल्या मे महिन्यात मी आणि आई-बाबा फ्रँकफर्टहून मुंबईला परत येत होतो. विमान सात तास उशिरा सुटलं, कारण सांगितलं तांत्रिक बिघाड. बाबा ७२ वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे. खायची कुपनं मिळाली ती चौथ्या तासाला. युरोपमधून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान कंपनीच्या दोषाने तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं, तर भरपाई द्यावी लागते. ३,५०० किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला माणशी ६०० युरो. नियम २००४ चा आहे, उशिरालाही तो लागू होतो हे तिथल्या न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं. नेहमीचा तांत्रिक बिघाड ही सबब तिथे चालत नाही. कंपनीने आधी पुढच्या तिकिटावर सवलत देऊ केली, आम्ही नाही म्हटलं. चार महिने पत्रव्यवहार करून १,८०० युरो मिळाले. यात फुकटचं काय आहे?

आता दुसरी गोष्ट. त्याआधीच्या वर्षी श्रीनगरला जाताना दिल्लीत साडेसहा तास अडकलो. एक सामोसा, एक ज्यूसचं खोकं. हाउसबोटीच्या पहिल्या रात्रीचे पैसे गेले. रोख भरपाई शून्य, कारण आपल्या डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) नियमांत उशिराला रोख भरपाई नाहीच. सहा तासांच्या पुढे गेलं तर दुसरं विमान नाहीतर पैसे परत. दिल्लीच्या विमानतळावर पैसे परत घेऊन माणसाने काय करायचं? राग या गोष्टीचा यायला हवा.

नानाकाका_डोंबिवली:
मेधाताई, तुमच्या बाबांना त्रास झाला याचं वाईट वाटतं. पण माझं मत त्या गृहस्थांसारखंच आहे. आम्ही १९८४ साली एसटीने कोकणात जायचो. घाटात गाडी बंद पडली की बायका-मुलं खाली उतरायची, पुरुष ढकलायचे. कुणी महामंडळाकडे पैसे मागितले नाहीत. आणि भरपाईचा पैसा आकाशातून पडत नाही, तो पुढच्या तिकिटात येतो. किंगफिशर २०१२ ला बंद पडली, जेट २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ ला. अजून दोन बंद पाडा, मग श्रीनगरला एसटीने जा.

तांबडा_रस्सा:
काका, या कंपन्या भरपाई देऊन बुडाल्या का? कर्जाने बुडाल्या. आणि एसटीचं उदाहरण देताय म्हणून सांगतो, रेल्वेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. २०१६ मध्ये अजमेर-जम्मू गाडी चार तास उशिरा पोचली, एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं. २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं, उशीर आमच्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेनेच सिद्ध करायचं, नाहीतर पैसे द्यायचे. ते कुटुंब भिकारी होतं का?

धुळ्याचा_पाहुणा:
सगळ्यात मोठी लबाडी कुणी बोलतच नाही. उशीर एकदम सांगत नाहीत. रात्री साडेदहाचं विमान. आधी बारा, मग दीड, मग तीन, मग पाच. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला तर हॉटेल द्यावं लागतं. पण तो आकडा एकदम बोर्डावर येऊच देत नाहीत. माझी बायको सहा महिन्यांच्या पोरीला घेऊन खुर्चीवर बसून होती. म्हणून सांगतो, दर वेळी बोर्डाचा फोटो काढा आणि आलेला प्रत्येक एसएमएस जपून ठेवा.

सई_वसई:
मला राहवत नाही म्हणून लिहिते. माझा नवरा वैमानिक आहे. तुमच्या काही "उशिरां"मागे वैमानिकाचे ड्यूटीचे तास संपणं असतं. तास संपल्यावर त्याने विमान उडवू नये हे तुमच्याच जिवासाठी आहे. २०१० च्या मंगळुरू अपघातात १५८ माणसं गेली. चौकशीत निघालं की कॅप्टन वाटेत दीड तासाहून जास्त झोपलेला होता. भरपाईचा धाक वाढला की कंपनी आधी कुणाला दाबेल? "जरा ओढून ने" असे फोन आमच्या घरी येतात. तो सकाळी सहाला घरी येतो तेव्हा त्याचे डोळे मी बघते, तुम्ही नाही.

तांबडा_रस्सा:
सईताई, रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, कंपनी आखते, त्याचा भुर्दंड प्रवाशाने का सोसायचा? विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर. दुसरा टप्पा लागू झाला १ नोव्हेंबर २०२५ ला. जवळजवळ दोन वर्षं मिळाली होती! तरी डिसेंबरमध्ये हजारो उड्डाणं रद्द झाली. माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न नागपूरला, आणि मामा पुण्याच्या विमानतळावर फरशीवर. अक्षता मी मोबाइलवर बघितल्या.

सई_वसई:
म्हणजे वैमानिकाने झोपायचं नाही?

तांबडा_रस्सा:
असं मी कुठे म्हटलं? शब्द तोंडात घालू नका.

सई_वसई:
डिसेंबरमध्ये विमानतळावर लोक गणवेशातल्या कुणालाही शिव्या देत होते. काउंटरवरच्या बावीस वर्षांच्या पोरींना रडवलं. रोस्टर त्यांनी आखलं होतं का? भाचीचं लग्न चुकलं हे वाईटच झालं, पण त्या पोरींनाही मामा असतात.

धुळ्याचा_पाहुणा:
त्या पोरींना पुढे करून साहेब लोक आत बसतात, खरी चीड त्याची आहे. त्या रात्री एक तरी अधिकारी बाहेर आला असता तर कुणी आवाज चढवला नसता.

सई_वसई:
हे मात्र मान्य.

नानाकाका_डोंबिवली:
बघा! म्हणजे सुरक्षेसाठी उशीर चालवून घ्यावा हे माझंच म्हणणं झालं.

मेधा_कोथरूड:
नाही काका. उड्डाण थांबवावं आणि पैसेही द्यावे. उलट उशिराला किंमत पडली तरच कंपनी जादा वैमानिक नेमेल. आज उशीर त्यांना फुकट पडतो. ऐनवेळी रद्द केलं तर निदान ५,००० ते १०,००० रुपये किंवा मूळ भाडं आणि इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते देणं लागतात. धुकं, वादळ असेल तर तेही नाही, आणि ते मला पटतं. पण धुक्यातही खाणं-पिणं आणि चौकशीला उत्तर देणं चुकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वस्त कंपन्यांनाही हे बजावलं आहे.

सईताई, तुमच्या नवऱ्याच्या झोपेच्या आड मी येत नाही. त्या झोपेचा खर्च कंपनीने उचलावा एवढंच मागते.

सई_वसई:
असं मांडलंत तर माझा विरोध नाही. पण "जरा ओढून ने" म्हणणाऱ्याला शिक्षा कोण करणार, हे आधी सांगा. त्याचं उत्तर कुणाकडे नाही.

तांबडा_रस्सा:
माझाही सूर चढला, ताई. राग कंपनीवरच होता.

ज्यांचं खरंच नुकसान झालंय त्यांनी नुसतं लिहून थांबू नका. आधी कंपनीला लेखी तक्रार, मग एअरसेवा (विमान प्रवाशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) किंवा १९१५ (ग्राहक हेल्पलाइन), आणि तरी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. हाउसबोट, टॅक्सी, हॉटेल, सगळ्याच्या पावत्या लागतील. मेधाताई, तुमची मुदत अजून संपली नसेल तर श्रीनगरचा दावा लावा.

मेधा_कोथरूड:
अजून पाच महिने आहेत. हाउसबोटीची पावती आहे माझ्याकडे. लावते.

नानाकाका_डोंबिवली:
एक विचारू का? आमची मुलगी गेल्या दिवाळीत लंडनहून मुंबईला आली. विमान थेट होतं, पाच तास उशिरा पोचलं. इंजिनाचा काहीतरी भाग बदलायचा होता म्हणाले. ती आणि जावई दोघं होते. बोर्डिंग पास तर तिने टाकून दिला.

मेधा_कोथरूड:
काका, ब्रिटनचा नियम युरोपसारखाच आहे. एवढ्या अंतराला आणि एवढ्या उशिराला माणशी ५२० पौंड. इंग्लंडमध्ये दाव्याची मुदत सहा वर्षं. पीएनआर आणि तिकिटाची ईमेल असेल तर बोर्डिंग पासवाचून अडत नाही. दलालाकडे जाऊ नका, ते मोठा वाटा कापून घेतात. कंपनीच्या साइटवर फॉर्म असतो, तो मुलीने स्वतः भरावा.

नानाकाका_डोंबिवली:
दोघांचे १,०४० होतात. ईमेल शोधायला सांगतो तिला. एसटीबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.