होस्टच्या पोर्टवर 'सगळे व्हीलॅन सोडा' हा सल्ला देऊ नका

रात्रपाळी: होस्टबद्दल, म्हणजे व्हीएम (आभासी मशीन) चालवणाऱ्या सर्व्हरबद्दल, काल इथे सल्ला वाचला : "होस्टचे पोर्ट ट्रंक करा, सगळे व्हीलॅन सोडा, दोन्ही केबल एलएसीपीत बांधा, विषय संपला." म्हणजे एकाच पोर्टवरून सगळे व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) जाऊ द्या आणि दोन केबलची मिळून एक लिंक करा. डोकंच फिरलं. ईएसएक्सआयच्या (होस्टवर व्हीएम चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली) साध्या व्हीस्विचला (होस्टच्या आतला सॉफ्टवेअर स्विच) एलएसीपी कळतच नाही, एलएसीपीला डिस्ट्रिब्युटेड स्विच (अनेक होस्टचा सामाईक व्हीस्विच) लागतो. साध्यावर स्टॅटिक इथरचॅनेल (एलएसीपीविना हाताने बांधलेल्या केबल) आणि आयपी हॅश (आयपी पत्त्यांवरून केबल निवडणं), तेही स्विच आणि होस्ट दोन्ही बाजूंना जुळलं तरच. मी म्हणतो, बांधूच नका. दोन स्विचवर दोन सुटे पोर्ट, कॉन्फिगरेशन तंतोतंत सारखं. आणि पोर्टफास्टपुढे (पोर्ट लगेच चालू करणारी स्विचची सेटिंग) 'ट्रंक' लिहाच. स्विच रीबूट होऊन लिंक वर आली की होस्ट लगेच व्हीएम तिकडे वळवतो, पण एसटीपीने (नेटवर्कमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) पोर्ट १५ अधिक १५ सेकंद अडवून धरलेला असतो. तेवढा वेळ ट्रॅफिक खड्ड्यात.

पोर्टमोजणी: सल्ला माझाच. आमच्याकडे सगळीकडे डिस्ट्रिब्युटेड आहे, म्हणून ते लिहायचं राहिलं, मान्य. व्हीलॅनबद्दल मात्र ठाम आहे. दर आठवड्याला नवा व्हीलॅन मागतात. २४ होस्ट, प्रत्येकी दोन पोर्ट. कुठल्या पोर्टवर कुठले व्हीलॅन सोडायचे याची यादी कोण सांभाळणार?

रात्रपाळी: आपणच. त्याचाच पगार घेतो. सगळं सोडलं की नको त्या व्हीलॅनचा ब्रॉडकास्टही प्रत्येक होस्टच्या कार्डावर आदळतो.

जुनी_केबल: यादीचं नाव काढू नका. यादी बदलणाऱ्या कमांडमध्ये 'अलाउड व्हीलॅन'नंतर 'ॲड' लिहायचं राहिलं माझं. २१० वाढवायचा होता, उरला फक्त २१०. मॅनेजमेंट, व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं), स्टोरेज, सगळं गेलं. दोन्ही पोर्ट एकाच स्टॅकवर (एकच स्विच म्हणून चालणारे जोडलेले स्विच), एकाच रेंजमध्ये, म्हणजे एका कमांडने एकदम बदलायला घेतलेले. दिवे मात्र हिरवेच, त्यामुळे होस्टच्या लेखी सगळं ठीक. दीड तास गेला. अजूनही एंटर मारण्याआधी 'ॲड'वर बोट ठेवून वाचतो.

पोर्टमोजणी: बघा! मी वेगळं काय सांगतोय?

रात्रपाळी: यात यादीचा काय दोष? चालू पोर्टांची रेंज घ्यायचीच कशाला? एक पोर्ट बदला, पिंग बघा, मग दुसरा.

जुनी_केबल: पहाटे तीनला कन्सोल केबल घेऊन रॅकसमोर बसलात कधी? नसाल तर शिकवू नका.

रात्रपाळी: बसलोय. म्हणूनच रेंज घेत नाही.

तिसरा_रॅक: 'ॲड'वरून भांडताय आणि बीपीडीयू गार्डचं (एसटीपीचा संदेश, म्हणजे बीपीडीयू, आला की पोर्ट बंद करणारी स्विचची सेटिंग) कुणी बोलतच नाही. आमच्याकडे एकाने व्हीएममध्ये दोन कार्डं ब्रिज केली. आतून बीपीडीयू आला, गार्डने पोर्ट पाडला. होस्टने व्हीएम दुसऱ्या पोर्टवर नेला, तोही पडला. एका व्हीएमपायी अख्खा होस्ट तुटला. ईएसएक्सआय ५.१ पासून 'नेट.ब्लॉकगेस्टबीपीडीयू' (व्हीएममधून येणारे बीपीडीयू होस्टवरच अडवणारी सेटिंग) आहे, ते १ करा. गार्ड काढू नका.

पोर्टमोजणी: हे माहीत नव्हतं. उद्याच बघतो. आणि रात्रपाळी, यादीचं टेम्पलेट असेल तर टाका, एका होस्टवर करून बघेन. पटलंय असं नाही.

रात्रपाळी: टाकतो. तोवर व्हीलॅन १ (स्विचचा डीफॉल्ट व्हीलॅन) तरी ट्रंकवरून काढा. आणि तिथे 'ॲड' नाही, 'रिमूव्ह' लिहायचं.