हिंसेनंतर घरी परतणारा रुग्ण : धोका कसा जोखायचा?

निशिगंध
स्किझोफ्रेनियाच्या भरात घरच्यांवर हात उगारला गेला, वॉर्डात उपचार झाले, आता सुट्टी मिळणार. अशा वेळी पुढचा धोका कसा जोखतात? एचसीआर-२० या हिंसेचा धोका जोखायच्या यादीत किती गुणांखाली निर्धास्त राहायचं? आणि गोळ्या चालू असताना अस्वस्थपणा वाढला तर डोस वाढवून मागावा का?

पारवा
निर्धास्तपणाचा आकडा त्यात नाहीच. २० मुद्दे असतात : १० इतिहासाचे, ५ सध्याच्या लक्षणांचे, ५ पुढच्या परिस्थितीचे. बेरीज करून निकाल लावायचा नसतो. इतिहास पुसता येत नाही, त्यामुळे नुसता तोच बघणारा रुग्णाला जन्मभरासाठी धोकादायक ठरवून मोकळा होतो. हलतात ते उरलेले दहा.

त्यातही संशयाला कुणाचं नाव चिकटलंय का ते बघा. ‘लोक माझ्या मागे लागलेत’ आणि ‘भाऊ जेवणात विष कालवतो’ यांत मोठं अंतर आहे. दुसऱ्यात राग मिसळला आणि झोप उडाली, की डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. भावाने तोवर दुसरीकडे राहावं. ताट चाखून दाखवणं, वाद घालणं, याने भ्रम हटत नाही.

कोरा_कागद
डोसचं म्हणाल तर आधी अकाथिसिया नाही ना, ते तपासून घ्या. औषधानेच होतो हा त्रास. माणसाला बसवत नाही, उभा राहिला तरी पाय आळीपाळीने उचलत राहतो, येरझाऱ्या थांबत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, पुन्हा भडकला. मग डोस वाढतो आणि हाल दुप्पट. औषध बदलल्याची किंवा वाढवल्याची तारीख आणि येरझाऱ्या सुरू झाल्याची तारीख, दोन्ही लिहून न्या.

दोन औषधं पुरेशा डोसने, प्रत्येकी निदान सहा आठवडे देऊनही हिंसा थांबत नसेल तर क्लोझापिन या औषधाबद्दल विचारा. सुरुवात १२.५ मिलिग्रॅमने, पांढऱ्या पेशींची तपासणी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला. खंड ४८ तासांच्या वर गेला तर जुना डोस एकदम द्यायचा नाही, रक्तदाब कोसळू शकतो; डॉक्टर पुन्हा १२.५ पासून चढवतात. सिगारेटकडे हमखास दुर्लक्ष होतं. वॉर्डात ती बंद असताना डोस ठरतो, घरी आल्यावर पुन्हा पेटते, धुरामुळे यकृत औषध लवकर संपवतं. गोळी तेवढीच, रक्तातलं प्रमाण मात्र घसरलेलं.

निशिगंध
आणि दारू?

पारवा
तो तर सगळ्यात जड मुद्दा. मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांवरच्या, १९९८ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या मॅकआर्थर अभ्यासात, व्यसनाची लक्षणं नसलेले रुग्ण आणि तशीच लक्षणं नसलेले त्यांचे शेजारी यांच्या हिंसेच्या प्रमाणात लक्षणीय फरक सापडला नव्हता. म्हणून ‘आधी मन सावरू दे, व्यसनाचं नंतर बघू’ हे चालत नाही. दोन्ही उपचार एकाच टीमकडून, एकाच वेळी.

कोरा_कागद
प्रत्यक्ष प्रसंगात : दोन हात अंतर, त्याची दाराकडची वाट मोकळी, बोलणारा एकच, वाक्यं छोटी. हातात काही उचललं की बोलणंही बंद. बाहेर पडा आणि मदत बोलवा.