पेशंट चावला, इनचार्ज म्हणतात रिपोर्ट लिहू नको. मदत हवी आहे

सायली_नाईटवाली
काल नाईटला पेशंटने मला ढकललं आणि हाताला चावला. इनचार्ज सिस्टर म्हणतात इन्सिडेंट रिपोर्ट लिहू नकोस, तो शुद्धीत नव्हता, उगाच तुझंच नाव होईल. आरएमओ (ड्युटीवरचे निवासी डॉक्टर) नुसते हसले. मला एवढंच सांगा, पोलिसात तक्रार करता येते का, आणि त्यामुळे नोकरी जाईल का? लवकर सांगा, आज परत नाईट आहे, तोच वॉर्ड. "आपल्या कामाचा भागच आहे" हे सांगायला कोणी येऊ नका, सकाळपासून तेच ऐकतेय.

कलमदवात
येते म्हणजे काय, केलीच पाहिजे. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्राचा 2010चा कायदा आहे. त्यात नर्सेस आणि नर्सिंगचे विद्यार्थीही येतात, दवाखाना सरकारी असो वा खाजगी. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड. सरकारी नोकरीत असाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 132 पण लागतं. सरकारी की खाजगी? ते लिहिलंच नाहीत.

आयसीयू_ब्रदर
वकीलसाहेब, जरा थांबा. सायली, चावला म्हणजे कातडी फाटली का? रक्त आलं का? किती वाजताची गोष्ट? जखम कशाने धुतली? हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का? पोलीस नंतर.

शेवगा
माझी भाची नर्सिंगला आहे, तिला मी ज्यूडोच्या क्लासला घातलंय. शिवाय पर्समध्ये मिरचीचा स्प्रे. मुलींनी स्वतःच सक्षम व्हायला हवं.

आयसीयू_ब्रदर
@शेवगा वॉर्डात मिरचीचा फवारा? शेजारच्या बेडवर दमेकरी असला तर त्याचं काय करायचं?

सायली_नाईटवाली
खाजगी आहे. मेल ऑर्थो, म्हणजे पुरुषांचा हाडांचा वॉर्ड. पहाटे साडेतीनच्या सुमारास. सलाइनची सुई काढून टाकली होती, परत लावायला गेले तर मनगटाच्या वर चावला. थोडं रक्त आलं, स्पिरिटने पुसलं. पण माझा प्रश्न तो नाहीये.

आयसीयू_ब्रदर
तोच आहे. स्पिरिटने पुसून भागत नाही. आत्ता नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धू. मग कॅज्युल्टीत जाऊन दाखव आणि केसपेपर काढ. टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन) घे. माणसाच्या चाव्याला अँटिबायोटिक लागतं, तोंडातले जंतू वाईट असतात. पेशंटचे एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), एचसीव्हीचे (हिपॅटायटिस सी) रिपोर्ट ऑपरेशनआधी झाले असतील, फाईल उघडून बघ. चाव्यातून एचआयव्ही होणं फार दुर्मिळ, पण त्याच्या प्रतिबंधक गोळ्या लागल्याच तर पहिल्या दोन तासांत चालू करणं उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात मिळतात. आणि तुझा हिपॅटायटिस बीचा टायटर (लसीने रक्तात किती संरक्षण आलंय ते) कधी बघितला होतास?

कलमदवात
हे सगळं बरोबर, पण वैद्यकीय कागद झाला की तोच पुरावा. थेट पोलीस स्टेशन गाठा. एनसीवर (नुसत्या अदखलपात्र नोंदीवर) भागवू देऊ नका. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर तरुणीची हत्या झाली, त्यानंतर ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने आदेश काढलाय, संस्थाप्रमुखाने 6 तासांत एफआयआर दाखल करायचा.

मनोविभाग_माई
तो आदेश केंद्राची रुग्णालयं आणि मेडिकल कॉलेजांसाठी निघाला होता. हिचा दवाखाना खाजगी आहे हे तिने वर लिहिलंय की.

सायली बाळा, मी मनोरुग्णालयात नोकरी करून निवृत्त झाले. ऑर्थोचा पेशंट पहाटे सुई उपटून चावतो कशाला, हे कोणी विचारलं का? वय काय? ऑपरेशन कधी झालं? दारू?

सायली_नाईटवाली
पन्नाशीचा असेल. मांडीचं हाड. ॲडमिट होऊन तिसरा दिवस. दारूचं केसपेपरवर काही नाही. बायको म्हणाली कधीमधी घेतात. संध्याकाळपासून हात थरथरत होते, भिंतीवर किडे दिसतात म्हणत होता. घाम पण.

मनोविभाग_माई
बायकोने सांगितलेलं "कधीमधी" म्हणजे रोजचं, हे गृहीत धरून चालायचं. रोजची दारू अचानक तुटली की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हेच होतं. थरथर, घाम, किडे दिसणं, मग मारामारी. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, दारू तुटल्यावर होणारा भ्रम, यात माणूस दगावतोसुद्धा. संध्याकाळी थरथर दिसली तेव्हा आरएमओला कळवलं होतंस का? नोट्समध्ये लिहिलंयस ना?

सायली_नाईटवाली
हो, साडेआठला फोन केला, नोट्समध्ये आहे. "झोपेचं इंजेक्शन देऊन टाक" म्हणाले, लेखी ऑर्डर आली नाही म्हणून मी दिलं नाही.

मनोविभाग_माई
शाब्बास. हा कागद तुझ्या बाजूचा आहे. रिपोर्ट अवश्य लिही आणि त्यात ही वेळ टाक. इनचार्ज का नको म्हणताहेत ते आता कळलं असेल तुला.

गावठी_इलाज
एवढा काथ्याकूट कशाला? आमच्याकडे गॉजने चारी हातपाय बेडला बांधतात. सकाळपर्यंत शांत.

मनोविभाग_माई
मानसिक आरोग्य कायदा 2017, कलम 97 वाचा. बांधायचं ते धोका अगदी समोर असेल आणि दुसरा उपायच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच.

गावठी_इलाज
तो कायदा मनोरुग्णालयांचा. ऑर्थोला कुठे लागतो? रात्री तीस पेशंटला एक सिस्टर, तिने काय करायचं, भजन म्हणायचं?

मनोविभाग_माई
ऑर्थोला लागत नाही म्हणून गॉजने करकचून बांधलेल्या मनगटाचा रक्तपुरवठा थांबत नाही असं थोडंच आहे? मांडीत रॉड घातलेला माणूस बांधल्यावर जास्त झटापट करतो. लेखी ऑर्डर, रुंद मऊ पट्टा, दर थोड्या वेळाने बोटांचा रंग बघणं. एवढं जमत असेल तर बांधा.

लीड्सची_प्रज्ञा
इथे इंग्लंडमध्ये 2018 पासून आपत्कालीन सेवकांवरच्या हल्ल्यांचा वेगळा कायदा आहे, एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) नर्सेस त्यात धरतात. तरी डिमेन्शियाच्या वॉर्डात मी महिन्यातून दोनतीनदा मार खातेच. फरक एवढाच की फॉर्म भरला नाही तर मॅनेजर ओरडते.

शेवगा
मग सायलीने जर्मनीला जावं. महाराष्ट्राने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात नर्सेस आहेत.

आयसीयू_ब्रदर
@शेवगा आज रात्रीपर्यंत पोचेल का ती?

कलमदवात
एफआयआरचं अजून कोणी बोलत नाही. गुन्हा तो गुन्हा.

मनोविभाग_माई
न्याय संहितेचं कलम 22 तुम्हीच सांगा ना मग. भ्रमात काय करतोय हे कळत नसेल तर तो गुन्हाच धरत नाहीत. किडे बघणाऱ्या माणसावर केस टाकून हिला काय मिळणार, तारखा?

कलमदवात
भ्रम होता की नाही ते कोर्ट ठरवेल, इनचार्ज सिस्टर नाही. नातेवाइकांनी मारलं असतं तर मी काय म्हणालो असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. बरं, एफआयआर बाजूला ठेवू. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात का? कापत असतील तर ही कामावरची इजा आहे, अपघाताची नोंद मालकाने करायची असते. रिपोर्ट दोन प्रतींत, एकीवर मेट्रनची (मुख्य परिचारिकेची) सही, शिक्का, तारीख. घेत नसतील तर ईमेल करा, सीसी मेडिकल सुपरिंटेंडेंटला.

आयसीयू_ब्रदर
हे आवडलं. आजच्या नाईटसाठी: त्याच्याकडे एकटी जाऊ नकोस, मामांना (वॉर्डबॉयना) बरोबर घे. गळ्यातलं आयडी आणि खिशातली कात्री काढून ठेव. तू आणि दार यांच्यामध्ये बेड येऊ देऊ नको. मंद दिवा चालू ठेव, स्वतःचं नाव सांगत बोल. आणि दारू दारू करत बाकीचं विसरू नका: शुगर, ऑक्सिजन, सोडियम, लघवी तुंबलीय का. हे सगळे भडकवतात.

सायली_नाईटवाली
कॅज्युल्टीत दाखवलं, टीटी झालं, अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू. पेशंटचे तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह. माझा टायटर पाठवलाय. ईएसआय कापतात. फिजिशियनना दुपारी बोलावलं, दारूचंच निघालं, औषध लेखी सुरू झालंय. त्याला काहीच आठवत नाही. बायकोने दहा वेळा माफी मागितली, मला कसंतरी झालं. पोलिसात जात नाही. रिपोर्ट दिला, इनचार्ज बोलत नाहीयेत. नाईट बदलून मिळाली नाही.

कलमदवात
पोच घेतलीत का? सहीची?

शेवगा
जर्मनीला जर्मन भाषा बी2 पातळीपर्यंत लागते असं भाची सांगते. कोणाला क्लास माहीत आहे का, नाशिकमध्ये?

सायली_नाईटवाली
@कलमदवात नाही घेतली. मेट्रन म्हणाल्या ठेव टेबलावर. फोटो आहे मोबाईलमध्ये, चालेल का?

कलमदवात
फोटोने पोचल्याचं सिद्ध होत नाही. आत्ताच्या आत्ता ईमेल टाका, फोटो जोडून.